महाड १२, पोलादपूर २४

अशी पाटी मुंबई-गोवा महामार्गावर दिसली, तर एसटीतला कुठलाही रायगडकर खिडकीतून मान बाहेर काढून ठेकेदाराचा उद्धार करील. महाडपासून पोलादपूर बारा किलोमीटरवर कधी आलं? पण हे अंतर नव्हे. ही दोन नावं मराठीत लिहून संगणकात ठेवायची झाली तर लागणारी जागा आहे, बाइटांच्या हिशेबात.

युनिकोडने देवनागरीला १२८ घरं दिली आहेत. यूटीएफ-८ नावाच्या रिवाजात त्यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट मोजावे लागतात. अक्षराला तीन, कान्याला तीन, वेलांटीला तीन, आणि जोडाक्षरासाठी पाय मोडायचा तर त्याचे वेगळे तीन. महाड म्हणजे म, ह, काना, ड; चार त्रिक बारा. पुणंसुद्धा बाराच बसतं, हे पुणेकरांच्या कानावर न गेलेलं बरं. मुंबई पंधरा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून वर गेलं की महाबळेश्वर तीस. थंड हवेच्या ठिकाणी काय स्वस्त असतं म्हणा. इंग्रजी अक्षरांत मात्र महाड पाच बाइटांत आटोपतं, कारण एका बाइटात मावणारी पहिली घरं इंग्रजीवाल्यांनी आधीच पटकावली होती. आपण उशिरा पोचलो, मागच्या बाकावर बसलो.

एवढ्यावर भागलं असतं. पण कधीतरी हे बाइट डोळ्यांनी बघायची वेळ येते. बाइट म्हणजे शून्य ते २५५ यांमधला एक आकडा. तो कच्चा तसाच पडद्यावर ओतला तर काही बाइट दिसतच नाहीत, काही भलतीच नक्षी काढतात, आणि सात नंबरचा बाइट तर जुन्या यंत्रांवर घंटा वाजवायचा. म्हणून माणसांसाठी प्रत्येक बाइट दोन अंकांत लिहायची सोय केली. अंक सोळा: शून्य ते नऊ, आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. या लिखाणाला हेक्साडेसिमल, थोडक्यात हेक्सा, म्हणतात. तर ‘ई० ए४ एई ई० ए४ बी९ ई० ए४ बीई ई० ए४ ए१’ हे झालं महाड. रायगड किल्ला ज्या तालुक्यात आहे, तेच.

आमच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विकिपीडियावरच्या महाडच्या पानाची लिंक टाकली की गावाचं नाव जाऊन तिथे ‘%ई०%ए४%एई’ अशी मालगाडी लागते. प्रत्येक बाइटापुढे टक्क्याचं चिन्ह असल्याने बारा बाइटांची छत्तीस अक्षरं होतात, पोलादपूरची बहात्तर. मग एक निवृत्त गुरुजी तातडीने लिहितात, ‘कृपया उघडू नये. खाते रिकामे होते.’ पाठोपाठ पाचसहा जण हात जोडतात, एक जण चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो आणि विषय संपतो.

आमच्या काकांनी मात्र ती लिंक बोटाने सरकवत शेवटपर्यंत वाचली. ऐंशी ओलांडलेले काका पोलादपूरच्या अलीकडे गावी राहतात आणि सापडेल ते वाचतात, औषधाच्या बाटलीतला बारीक अक्षरांचा कागदसुद्धा. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, “काय रे, ही ए-बी-सी-डी एफच्या पुढं का जात नाही?”

संगणक शिकलेल्या मुलांना मी हे शिकवलं आहे. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

मी सांगायला लागलो. दहाला ए, अकराला बी, असं करत पंधराला एफ. सोळा झाले की डावीकडे एक चढतो आणि इथे शून्य येतं.

“म्हणजे सोळाला हातचा,” काका म्हणाले. “मग आण्यांचा हिशेब आहे असं सांग की. उगाच इंग्रजी कशाला फाडतोस?”

पोरवयात काका महाडच्या बाजारपेठेत एका किराणा-भुसारच्या दुकानात वह्या लिहायला बसत. त्यांनी लिंकेतला पहिला ‘एई’ धरला. “ए म्हणजे दहा रुपये. ई म्हणजे चौदा आणे. दहा रुपये चौदा आणे. सोळा दाहे एकशे साठ, वर चौदा. एकशे चौऱ्याहत्तर आणे.” मी मोबाइलवर ताडून पाहिलं. १७४. मग त्यांना चेवच आला. ‘ई०’ म्हणजे चौदा रुपये रोख, २२४ आणे. ‘ए४’ म्हणजे दहा रुपये चार आणे, १६४. काकू आतून म्हणाल्या, “कुणाची उधारी काढलीत आज?” काकांनी सांगितलं, “महाडची.”

एफएफ म्हणजे पंधरा रुपये पंधरा आणे, २५५. त्यात एक आणा टाकलात की सोळा रुपये होतात आणि बाइट भरून सांडतो. पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. काकांना दोन वाक्यं पुरली, आणि त्यातलं एक काकूंसाठी होतं.

खरी गंमत तारखांची आहे. १ एप्रिल १९५७ला आपण शंभर नव्या पैशांचा रुपया आणला आणि सोळा आणे गुंडाळून ठेवले, हिशेब सोपा व्हावा म्हणून. त्यानंतर सातच वर्षांनी, १९६४मध्ये, आयबीएमने सिस्टिम/३६० हे आपलं यंत्र जाहीर केलं, आणि त्यातून सोळाचं लिखाण, तेच ए ते एफ धरून, जगभर रूढ झालं. आपण पाढ्यातला सोळा अडगळीत टाकला आणि पुढे त्यांच्याकडून फी भरून शिकलो. त्या सात वर्षांत काकांना कुणी विचारलं असतं, तर आयबीएमच्या लोकांना त्यांनी पावकी-निमकीसुद्धा फुकट शिकवली असती.

बरं, आणे सगळीकडून गेले असंही नाही. आमच्या वरकस जमिनीच्या कागदावर काकांचा हिस्सा ०-२-८ असा आहे: शून्य रुपये, दोन आणे, आठ पै. अख्खी जमीन म्हणजे रुपया, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण १९२. सहा भावांत प्रत्येकी ३२ पै, म्हणजे दोन आणे आठ पै. शिल्लक काही नाही. शंभर पैशांत सहावा हिस्सा पाडून दाखवा. सोळा पैशांवर जे उरतं त्यापायी पुढच्या दोन पिढ्या कोर्टात जातील. त्या कागदावर पहिलं जे शून्य आहे, तेही काकांनी मला बोट ठेवून दाखवलं होतं. रुपया नाहीच तर तो लिहायचा कशाला, असं म्हणून तलाठ्याने ते गाळलं नाही.

हे शून्य पुढे महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भेटलं. तिथे वजनकाटा संगणकाला जोडलेला होता. काटा वजन पाठवायचा दोन बाइटांत, पण हेक्साच्या अक्षरांत लिहून. पन्नास किलोच्या दहा गोण्या ठेवल्या की ‘०१एफ४’ यायला हवं. पहिल्या बाइटाचे २५६ आणि दुसऱ्याचे २४४ मिळून पाचशे. वाटेत एक डबी बसवलेली होती. ती बनवणाऱ्याला वाटलं, डावीकडच्या शून्याला किंमत नसते. गाळलं. संगणकाकडे गेलं नुसतं ‘१एफ४’. संगणकातल्या प्रोग्रॅमने डावीकडून दोन-दोन अंक उचलले. पहिली जोडी ‘१एफ’, म्हणजे ३१. उरला एकटा ४. एकतीस गुणिले २५६, अधिक चार. छापून आलेल्या चलानवर वजन: ७९४० किलो.

बाहेर छोटा हत्ती उभा होता. ड्रायव्हरने चलान वाचलं, गाडीतल्या दहा गोण्या पाहिल्या, पुन्हा चलान वाचलं.

“शेठ, आठ टनाचा कागद घेऊन मी आंबेनळी चढू? आरटीओवाला गाडी नाही, मलाच जप्त करंल.”

स्टोअरवाले म्हणाले, संगणक चुकत नाही. ड्रायव्हर म्हणाला, मग संगणकालाच गाडीत बसवा. डबीवाले प्रोग्रॅमवाल्यांकडे बोट दाखवत होते आणि प्रोग्रॅमवाले काट्याकडे. काटा बिचारा पाचशेच म्हणत होता. त्याचा आकडा तर समोरच्या लाल दिव्यांत सगळ्यांना दिसत होता, पण तिकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती.

संध्याकाळी घरी गेल्यावर काकांना हा किस्सा सांगितला. ते क्षणभर थांबले. “एकतीस आणि चार? एकतीस रुपये चार आणे. म्हणजे पाचशेच आणे झाले की. बरोबर तर आहे. गडबड कुठंय?” मी कागदावर मांडलं. खरंच बरोबर होतं. प्रोग्रॅमने रुपये-आणे अचूक वाचले होते. फक्त रुपयाचे सोळा आणे करायच्या ऐवजी २५६ केले होते. चार अभियंते दुपारभर जे शोधत होते, ते काकांनी चहा निवायच्या आत शोधलं, आणि वर म्हणाले, “शून्य खाल्लं की असं होतं.”

पायथनसारखी भाषा या बाबतीत शहाणी आहे. तिच्या ‘फ्रॉमहेक्स’ला विषम अंक दिलेत की ती सरळ नकार देते. बाकी बऱ्याच ठिकाणी काही विचारत नाहीत, जे येईल ते जोडून मोकळे होतात.

दुसरं दुखणं याहून खोल. हेक्सा लिहिलेली अक्षरं म्हणजेच बाइट, असं धरून चालणं. ‘ई०’ हा एक बाइट. पण तो अक्षरांत लिहिला की ‘ई’ आणि ‘०’ या दोन चिन्हांचे दोन बाइट होतात, हेक्सात ४५ आणि ३०. कुणी उत्साही माणूस त्यांचंही हेक्सा करतो: ‘४५३०’. त्याच्या पुढचा आणखी उत्साही: ‘३४३५३३३०’. दर फेरीला दुप्पट. महाड बाराचं चोवीस, चोवीसचं अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचं शहाण्णव. गाव आहे तेवढंच राहतं आणि नाव बोरिवलीपर्यंत पोचतं. लिंकेत ‘%२५ई०’ असं दिसलं तर ओळखावं की हीच लागण आहे. २५ म्हणजे टक्क्याचंच चिन्ह, त्याचंही कुणीतरी हेक्सा करून ठेवलंय.

एसएमएसचा रिवाज तिसराच. तिथे मराठी चिन्हाला दोन बाइट, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं मावतात तिथे मराठीत सत्तर. ‘माल माळ्यावर घ्या’ हा महाडच्या बाजारपेठेला पावसाळ्यात नीट कळणारा निरोप रिकाम्या जागा धरून सतरा चिन्हांत बसतो. पण संगणकाला जोडलेल्या मोडेमवर तो घेतला आणि पुढच्या प्रोग्रॅमने उलट रूपांतर केलं नाही, तर हाती ०९२ई०९३ई०९३२ अशा चालीचे अडुसष्ट अंक येतात. ते लावून होईस्तोवर सावित्री नदीचं पाणी गल्ल्याला लागलेलं असेल.

म्हणून कोड लिहिणाऱ्या पोरापोरींना हात जोडून सांगणं आहे. फाइल पुढे देताना एक ओळ लिहा, आत बाइट आहेत की बाइटांची अक्षरं. पुढच्या माणसाने ओळखून घ्यावं, ही अपेक्षा ठेवू नका. तो ओळखत नाही, तो पुन्हा हेक्सा करतो. आणि एका अंकाच्या बाइटाआधी शून्य लावत जा. तलाठी लावतात, तुम्हाला काय जड जातं?