बघायची गोधडी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकूंकडे नवा शर्ट घालून जायची सोय नाही. आल्या माणसाला त्या पाणी नंतर विचारतात. आधी बाही चिमटीत धरून कापड अंगठ्यानं चोळतात. "सुती आहे. किती दिवस घालणार आहेस अजून?"

काकू गोधड्या शिवतात. पूर्वी गोधडीला फाटकी लुगडी पुरत. काकूंना फाटकं चालत नाही, कारण त्यांची गोधडी प्रेझेंटची. नवरात्र आटोपली की त्या मंगळबाजारात चणियाचोळीवाल्या दरज्यांकडे फेरी मारतात. "लई जाव ने, काकी," म्हणत दरजी कातरणाचं बोचकं पुढे सरकवतो आणि दुकान झाडायचे कष्ट वाचवतो.

बडोद्यात थंडी पडते ती उत्तरायणाच्या आगेमागे, तीही पतंगवाल्यांवर उपकार म्हणून. मग एवढ्या गोधड्या पांघरणार कोण, असं विचारायचा अवकाश, काकू थेट इथल्या जुन्या राजांवर, खंडेराव महाराजांवर जातात. महाराजांनी बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला, तो २००९ साली दोह्याच्या लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना गेला. "त्याच्यावर कोण लोळलं होतं रे?"

शिकायला येणाऱ्या मुलींकडून त्या पैसे घेत नाहीत, मात्र बोलणी भरपूर देतात. कापड आधी धुवायचं, नाहीतर लाल बांधणी शेजारच्या पांढऱ्याला गुलाबी करून सोडते. चौकोन पाच इंची, शिलाई पाव इंच. काका बँकेतून निवृत्त. त्यांनी आठ चौकोनांचा हिशोब चाळीस इंच मांडला. पट्टी जोडून झाली तेव्हा भरली साडेछत्तीस. काकांनी टेप बदलून पाहिली. "प्रत्येक जोडाला अर्धा इंच आत जातो," काकू म्हणाल्या, "बँकेत कसं निभावलंत हो?"

खरी करामत इस्त्रीत असते. एका ओळीच्या शिवणी त्या डावीकडे दाबतात, खालच्या ओळीच्या उजवीकडे. मग दोन ओळी समोरासमोर धरल्या की शिवणीला शिवण अडते आणि चारही कोपरे डोळे मिटूनसुद्धा जुळतात. तो जोड बोटाला लागला की काकू चष्मा कपाळावर सरकवतात. दिवसातले तेवढेच त्यांचे न बोलण्याचे क्षण. काका तेव्हा पेपर वाचून घेतात.

भाचीच्या बाळाच्या बारशाला त्यांनी अशी एक गोधडी दिली. भाचीनं कौतुकानं बाळाला तिच्यावर ठेवलं मात्र, "अगं अगं, ओली करेल!" म्हणत काकूंनी बाळ उचलून आजीच्या मांडीवर दिलं, गोधडीची घडी घातली आणि भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते दाखवलं. बाळ आता पणजीच्या नऊवारीच्या गोधडीत झोपतं. धावदोरे उसवलेत, एक कोपरा चोखून चोखून काळा पडलाय. काकूंची गोधडी ट्रंकेत असते. त्या निघाल्याचा काकांचा फोन आला की भाची स्टुलावर चढते.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला काकूंनी डबल बेडची कबूल केली आहे. गोत्रीच्या फ्लॅटात तेवढी मोकळी भिंत एकच, आणि तिच्यावर टीव्ही आहे. बायको म्हणते, टीव्ही तसाही जुनाच झालाय.