घरी होतंय की!

या माणसासमोर चुकूनही पिशवी उघडू नये. उघडलीत तर तो आतली वस्तू बाहेर काढणार, उलटीपालटी करून बघणार, किंमत विचारणार आणि तुम्ही भीतीने निम्मी करून सांगितलेली किंमत ऐकूनही कपाळाला हात लावणार. मग ती वस्तू दोन बोटांनी पिशवीत परत सोडत म्हणणार, "एवढे पैसे घातले व्हय? हे तर घरी होतंय की!"

प्रत्येक खानदानात असा एक असतोच. आमच्यात तो आमचा थोरला मामा आहे आणि तो खुटबावला राहतो.

फिनेल घरी होतं. दंतमंजन घरी होतं. खोकल्याचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं, मामांनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला, "अडुळसा" एवढंच म्हणाले आणि परसात गेले. भाचीच्या लग्नपत्रिका घरी झाल्या. त्यात मुहूर्ताची वेळ राहून गेली, म्हणून पाहुणे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत हप्त्याहप्त्याने आले. पण हे सगळं वर्षभराचं किरकोळ दुखणं. खरी साथ येते ती डिसेंबरात, कारण मामांचं घर ख्रिस्ती आहे आणि डिसेंबरात नाताळ असतो.

पुण्याच्या लोकांना नाताळ म्हटलं की कॅम्पातली रोषणाई आणि कयानी बेकरीपुढची रांग आठवते. आमच्या दौंड तालुक्यातला नाताळ निराळा. आमच्याकडे नाताळाला करंज्या होतात, चकल्या होतात, शंकरपाळ्या होतात, हौस असेल तर अनारसेसुद्धा. दिवाळीत शेजारपाजारच्या घरांतून मामीकडे फराळाचे डबे येतात. डबा रिकामा परत द्यायचा नाही हा आपल्याकडचा कायदा. त्यामुळे सगळे डबे मामीच्या फडताळात दिवाळीपासून मुक्कामाला असतात आणि नाताळाला भरून आपापल्या घरी जातात. अधल्यामधल्या दीड-दोन महिन्यांत शेजारणींना डाळी ठेवायला डबे नसतात, पण तक्रार कुणी करत नाही. मामीच्या चकलीला काटा असतो.

चार भाऊ, तीन बहिणी, त्यांच्या सुना, जावई, पोरंटोरं. विसाव्या तारखेपासून पुणे-दौंड डेमूतून खुटबाव स्टेशनवर आमची उतरंड सुरू व्हायची. मामा फलाटावर हजर. चौकशी तब्येतीची नाही, प्रवासाची नाही. नजर पिशव्यांवर. एका जावयाने पहिल्याच वर्षी हौसेने लुकलुकणारी तयार चांदणी आणली. मामांनी ती फलाटावरच उघडली, बघितली, मिटली आणि जावयाला अत्यंत मायेने म्हणाले, "असू द्या, असू द्या. तुम्हाला म्हाईत नव्हतं." जावई आजही दिवाळीपासूनच धास्तावलेले असतात.

घरची चांदणी म्हणजे बांबूच्या कामट्या तासायच्या, सुतळीने पाच टोकं बांधायची, मैद्याची खळ शिजवायची, पतंगाचा कागद चिकटवायचा. पाचही टोकं सारखी आलेली चांदणी आमच्या घराण्यात अजून जन्माला यायची आहे. एक टोक नेहमी केडगावच्या बाजूला जरा जास्त जातं. मामांच्या मते ते बरोबरच आहे, पूर्वेच्या ज्ञानी लोकांना तिने वाटच दाखवली होती.

केडगाव म्हणजे खुटबावच्या पुढचंच स्टेशन, आणि मामांच्या तत्त्वज्ञानाचं मूळपीठ. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणलं, आणि दुष्काळ पडला तेव्हा शेकडो अनाथ मुली आणि निराधार बायकांना केडगावच्या माळावर आसरा दिला. कुणी कुरकुरलं की मामा रमाबाईंना साक्षीला बोलावतात. "रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरनं मराठीत आणलं. छापलं कुठं? लंडनला? हितं! केडगावात! खिळे जुळवले कुणी? मुक्तीतल्या पोरींनी! आन् तुमच्यानं एक चांदणी होईना?" यावर काय बोलणार? एकदा माझ्या मावसभावाने मुलीला इंग्रजी शाळेत घालायचा विषय काढला, तर मामा म्हणाले, "रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? आईनं शिकवलं संस्कृत. घरी! आन् कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिली." थोडक्यात, १८७८ सालापासून शिक्षणसुद्धा घरी होतंय. मावसभाऊ फी भरून आला, पण चोरून.

आता टूटीफ्रुटी.

केकात ते रंगीत चौकोनी तुकडे असतात ना, ते. कुठल्याही किराणा दुकानात पुडी मिळते. दुर्दैवाने कुणीतरी मामांना सांगितलं की ती कच्च्या पपईची करतात. त्या दिवसापासून आमच्या नाताळातले पहिले दोन दिवस पपईच्या नावाने गेले. मोठ्या हिरव्यागार पपया यायच्या. साल काढली की बोटांना चीक लागायचा आणि मग नाकाला खाज सुटायची, ती नेमकी तेव्हाच. आतल्या पांढऱ्या बिया खरवडायच्या. मग तुकडे. मामा पाठीमागे हात बांधून ओसरीभर फिरणार आणि खाली वाकून एखादा तुकडा उचलून म्हणणार, "हा काय भाजीला चिरलाय?" तुकडे पाण्यात उकळून काचेसारखे आरपार दिसायला लागले की साखरेच्या पाकात टाकायचे, पाक तीन वाडग्यांत वाटून रंग घालायचे, रात्रभर मुरवायचं, सकाळी निथळून धोतरावर पसरायचं. धोतर मामांचं. पुढच्या सोग्यावर ते लाल-पिवळे ठिपके घेऊन मामा नाताळच्या उपासनेला जायचे, इतर लोक पदकं लावून जातात त्या दिमाखात.

एका वर्षी हिरवा रंग मिळाला नाही. निळ्यात हळद घातली की हिरवा होतो, हे मामांनी पोरांना प्रयोगाने दाखवायला घेतलं. झाला तो थेट खाकी. त्या वर्षी आम्ही जो खाल्ला त्याला पोरं अजून 'पोलीस केक' म्हणतात. आणि हो, पुडी तेव्हा दहा रुपयांना होती. हे मी मामांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "त्यात काय घालत्यात, कुणाला म्हाईत?" आमच्यात काय घातलं होतं ते मात्र सगळ्यांना माहीत होतं.

केक भाजायचा तो वाळूत. भाच्यांनी वर्गणी काढून ओव्हन दिला होता, त्यात मामा रेल्वेचं वेळापत्रक आणि विजेची बिलं ठेवतात. चुलीवर घमेलं, घमेल्यात वाळू, वाळूवर रव्याच्या मिश्रणाचं पातेलं, त्यावर झाकण आणि झाकणावर निखारे. भीमेची वाळू आता रात्रीच्या अंधारात कुठल्या कुठे जाते, तिच्यापायी माणसं आमदार होतात. मामांकडे मात्र जुन्या काळातली, चाळून धुतलेली एक पिंप वाळू आहे आणि ती फक्त केकासाठी राखीव आहे. तालुक्यात एवढी स्वच्छ वाळू दुसरी नसेल. अधूनमधून ती दाताखाली येतेही.

झाडाचीही कथा ऐका. डिसेंबर म्हणजे ऊसतोडीचे दिवस; फडाफडावर वाढ्यांचे ढीग पडलेले. मामांना झाड दिसलं. बांबूला वाढे बांधून त्यांनी पुरुषभर उंचीचं नाताळाचं झाड उभं केलं. केकासाठी फोडलेल्या गावरान अंड्यांची टरफलं रंगवून त्याला टांगली, टोकाला कागदाचा देवदूत. दिसत होतं बरं, खोटं कशाला बोला. अंगणात ठेवलं. पहाटे उठून बघतो तर शेजारची म्हैस दावं तोडून आलेली आणि देवदूतापर्यंत पोचलेली. मामा हबकले. मामी चहा गाळत म्हणाली, "येशूबाळाच्या जन्माला गोठ्यातलं जनावर पहिलं आलं होतं. आलं की बिचारं."

गव्हाणीत तर आणखी गर्दी. खाली उसाचं पाचट, त्यात बैलपोळ्याचे मातीचे बैल, शिंगांना बेगड लावलेले. मेंढ्या गादीतल्या कापसाच्या. त्या गादीवर झोपणाऱ्याला मेंढ्या नेमक्या कुठून काढल्या ते पाठीला कळायचं. बर्फ मात्र मामांनी कधी घालू दिला नाही. बेथलेहेमात धनगर होते आणि धनगर बर्फात मेंढरं बसवत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. ज्याने सुगीनंतर आपल्या रानात मेंढरं बसलेली पाहिली आहेत, त्याला तो पटतोच. तीन मागी लोकांपैकी एक फुटला, तेव्हा त्याच्या जागी शेजारच्या पोरांच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा आला, ढाल-तलवारीसकट. पाळकसाहेब भेटीला आले. बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "हेरोदाचं राज्य होतं. कुणीतरी हवंच होतं."

एवढं सगळं घरी होतंय, तर ते करतं कोण, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्याही यायचा, पण आमचे हात गुंतलेले असायचे. मामा करायचे पाहणी. करंजीचा रवा दुधात भिजवून पाट्यावर कुटायची मामी. साटा फेसायची मामी, लाट्या लाटायच्या सुना, सारण भरायच्या मावश्या, कातण फिरवायला पोरांची भांडणं, आणि तळणीपुढे पुन्हा मामी. मामा ओल्या फडक्याखाली झाकलेल्या करंज्या मोजून "भागतील का?" विचारायचे. या माणसाच्या स्वावलंबनावर तीसेक माणसं राबत होती.

मग माणसं कमी होत गेली. कुणी रांजणगावच्या कंपनीत लागला, तिथे शिफ्ट. कुणी कॅनडात, तिथे खरा बर्फ. दोन मावश्या प्रभूकडे गेल्या. आणि मामीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला, तेव्हा आम्ही सगळे जीव मुठीत धरून मामांच्या तोंडाकडे बघत होतो. पण तेवढं ते म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत. दवाखान्याच्या बाकावर बसून पिशवीची दोरी वळत राहिले.

त्या वर्षी नाताळाला मामी ओसरीवर खुर्चीत. पाय स्टुलावर. मामा तिच्यापुढे घुटमळत म्हणाले, "औंदा करंज्यांचं कसं?" मामी चाळीस वर्षं गप्प होती. ती खुर्चीत सावरून बसली, पदर नीट केला आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घरी होतंय की!"

आम्ही पोचलो चोवीस तारखेला सकाळी. चुलीपुढे मामा. कपाळाला पीठ. समोर परातीत करंज्या म्हणाव्यात अशा काही वस्तू. साटा जास्त झाला होता, कडा सुटत होत्या, निम्मं सारण तेलात उतरून जळत होतं. मामी खुर्चीतून: "मुरड घाला, मुरड. ती काय पिशवी शिवताय? अंगठा दाबा. दाबा म्हणते तर!" आणि मामा, ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ते अंगठा दाबत होते. त्यांची बोटं आता थरथरतात, हे मला तेव्हा दिसलं. एकेक करंजी बंद करायला त्यांना एवढा वेळ लागत होता, की तेवढ्यात पूर्वी आमचा एक घाणा तळून व्हायचा.

दिवाळीचे डबे ओळीने मांडून ठेवले होते. प्रत्येकात त्या फुटक्या करंज्यांमधल्या धड निवडून टाकलेल्या. सगळे डबे भरायला कमी पडणार हे उघड होतं. कुणी काही बोललं नाही; बायको कातण शोधायला लागली, रांजणगावचा भाऊ शर्टाच्या बाह्या सारून लाट्या करायला बसला. मामेभावाची नवी सून नगरकडच्या हिंदू घरातली, आमच्या घरातला तिचा पहिलाच नाताळ. ती दारात अवघडून उभी होती. मामांनी तिला ना नाव विचारलं, ना गाव. "पोरी, सारण भर. चमच्याने नको, हाताने," म्हणाले. संध्याकाळपर्यंत ती मामीशी हुज्जत घालत होती, की त्यांच्याकडे खसखस भाजून घालतात. मी आजवर त्या घरात पाहुणा म्हणून नुसता बसलेला माणूस पाहिलेला नाही. मामांच्या तोंडावर हे कधी बोलणार नाही. त्यांना वाव दिला तर ते उद्या फटाकेही घरी करतील.

राहता राहिला पिशवीतला केक. मी पुण्याहून विकतचा आणला होता, टॉवेलात गुंडाळून, कारण वाळूचं घमेलं उचलायला आता कुणी नव्हतं. रात्री उपासनेहून आल्यावर तो निघालाच. मामांनी चष्मा लावला. खोक्यावरची बारीक अक्षरं बोट ठेवून वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. टूटीफ्रुटीपाशी बोट थांबलं. आम्ही खाली माना घातल्या. मामांनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा उचलला.

"बरा आहे," तोंड पुसत ते म्हणाले. मग खोकं उजेडात धरून आतून-बाहेरून बघितलं, झाकण उघडमीट केलं. "हे टाकू नका. ह्याची गव्हाणी होतीय झकास. भाच्या, ऊठ. मागल्या फडातनं पाचट घेऊन ये."

रात्रीचे बारा वाजून गेले होते.

"बॅटरी घेऊन जा," मामी म्हणाली.