आप्पांचे सदरे किती?

आमचे आप्पा अमळनेर तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू, एक म्हैस, एक सायकल. जून 2025 मध्ये ते ओट्यावर दुपारची झोप काढत असताना तिकडे वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँकेने गरिबीची रेषा दिवसाला 2.15 डॉलरवरून 3 डॉलरवर नेली. तेवढ्याने जगात साडेबारा कोटी अतिगरीब वाढले. कोणाचे खळे जळाले नाही, कोणाचा बैल मेला नाही, कापूसही त्याच भावात पडून होता. मी जळगावहून फोन करून ही बातमी दिली, तर आप्पा म्हणाले, "मंग मी गरीब शे का नई, तेवढं सांग भो."

आता काय सांगणार? आप्पांना गरिबीचा अनुभव दांडगा, पण कागदावर ते कधी सापडतात, कधी निसटतात.

2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीची आठवण ते अजून काढतात. 13 प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त 4 गुण, एकूण 52. नापास व्हायला अख्खे गाव धडपडत होते, अशी ही एकमेव परीक्षा. त्यात एक प्रश्न कपड्यांचा. घरात माणशी दोनाहून कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा अधिक असतील तर पैकीच्या पैकी. मोजणीवाले गुरुजी दारात दिसताच काकूंनी दोरीवरचे सगळे धुणे उचलून गोठ्यात नेले. शालकाच्या लग्नात मिळालेला सफारी तेवढा खुंटीवर राहिला. आप्पा आजही तो घालत नाहीत. त्याच्यावर राग आहे.

कर्जाच्या प्रश्नाने तर कहरच केला. रोजच्या पोटापाण्यासाठी सावकाराकडून पैसे घेतले तर शून्य; फक्त बँकेचे किंवा सोसायटीचे कर्ज असेल तर 3 गुण. ज्या सोसायटीच्या थकबाकीने आप्पांची झोप उडवली होती, तिनेच त्यांना श्रीमंत ठरवले.

तशी ही विद्या जुनी. दादाभाई नौरोजींनी माणूस जगायला किती लागते हे काढताना तुरुंगातल्या शिध्याचा हिशेब धरला होता. मोकळ्या रयतेला कैद्याइतकेही मिळत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. आपण धुळ्याच्या तुरुंगाला विनोबांच्या 1932 च्या गीता प्रवचनांसाठी ओळखतो. गरिबीच्या गणिताची सुरुवातही तुरुंगाच्या मुदपाकखान्यातूनच झाली आहे. पुढे पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये 2,250 उष्मांकांचे माप धरले आणि 1960-61 च्या किमतींत खेड्यात माणशी महिना 15 रुपये असा आकडा काढला. निदान ते भाकरी तरी मोजत होते.

नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक 12 कसोट्या लावतो. बँकेत खाते आहे का? आहे. खात्यात काय आहे, हा प्रश्न नाही. घरात सायकल आणि मोबाईल दोन्ही असतील तर मालमत्तेच्या कसोटीवर माणूस वंचित राहत नाही. आप्पा पुन्हा पास! एवढ्या सैल चाळणीतही पहिल्या अहवालात आमच्या शेजारचे नंदुरबार निम्म्याहून अधिक गरीब निघाले, महाराष्ट्रात सगळ्यांत वर.

खरी मौज आहे ती विषमतेच्या मोजणीत. आप्पांच्या घरासमोर तात्या राहतात. 1945 मध्ये प्रेमजींनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तात्यांच्या वडिलांनी त्याचे थोडे शेअर घेतले. आप्पांच्या वडिलांनी त्याच पैशात बैल घेतला. बैल केव्हाच गेला. कारखान्याची पुढे विप्रो झाली.

आता समजा, सरकारी खर्च-पाहणीवाला या गल्लीत आला. तो विचारणार, सात दिवसांत भाजी किती आणली, तीस दिवसांत धान्य किती लागले, वर्षात कपडे किती घेतले. दोन्ही घरांत कळण्याची भाकरी, ठेचा, थंडीत वांग्याचे भरीत. तात्या तर आप्पांपेक्षा चिक्कू. त्यांचा सदरा कॉलर उलटवून शिवलेला. वहीत दोघे सारखे! शेअर काही ताटात वाढले जात नाहीत.

अशा वह्यांवरूनच भारताचा गिनी निर्देशांक 25.5 निघाला. शून्य म्हणजे सगळे सारखे, शंभर म्हणजे सगळे एकाच्या घरात. जुलै 2025 मध्ये सरकारने जाहीर केले की समानतेत आपण जगात चौथे. तिकडे खर्चाऐवजी उत्पन्न मोजणाऱ्या जागतिक विषमता कोशात हाच आकडा 62 आहे. खर्चाच्या 2022-23 च्या पाहणीत शहरांतल्या सगळ्यांत वरच्या पाच टक्क्यांचा खर्च माणशी महिना 20,824 रुपये भरला. दागिनेही त्यातच धरलेले. त्या वर्षी तोळ्याला पन्नास हजारांच्या वर मोजावे लागत होते. मग आमच्या जळगावच्या सराफ बाजारात लग्नसराईत कोपराने वाट काढत शिरतात ती माणसे कोण?

तर 3 डॉलर. आप्पांनी लगेच 85 ने गुणले आणि हबकले. मी समजावले, "आप्पा, हा बाजारातला डॉलर नाही. इथे काय किमतीला काय मिळते, त्यावरून ठरवलेला आहे. 2017 मध्ये बाजारात डॉलर 65 रुपयांना होता, यांच्या हिशेबात 20 रुपये 65 पैशांना."

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग आप्पा हळूच म्हणाले, "वीस रुपयांत डॉलर? थांब, तात्याला विचारून येतो. त्याच्या बापाने तेही घेऊन ठेवले असतील."