घरबसल्या कार्बन पुरा: नवशिक्यांसाठी

कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायचं तुम्ही मनावर घेतलंत, अभिनंदन! कुदळ-फावडं लागत नाही. एक संगणक, फुकट मिळणारी 'ओपीएम फ्लो' ही प्रणाली आणि जरासा निगरगट्टपणा एवढं भांडवल पुरे.

सरावाला उत्तर समुद्रातलं नॉर्वेचं स्लाइप्नर हे वायुक्षेत्र घ्या. तिथल्या नैसर्गिक वायूत सुमारे 9 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. नॉर्वेने 1991 साली कार्बन कर बसवला आणि 1996 पासून हा वायू वेगळा काढून, वर्षाला जवळपास 10 लाख टन, समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात सोडला जाऊ लागला. (कर बसला की निसर्गप्रेमाला भरती येते.) या जागेची माहिती अभ्यासकांना खुली आहे.

आता संगणकात या थराचे चौकोनी तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याला सच्छिद्रता द्या, पार्यता द्या, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो ते सांगा. ही खरी मोजलेली असते फक्त विहिरीपाशी. दोन विहिरींच्या मधल्या सगळ्या तुकड्यांचे आकडे आपण भरायचे. भरताना चेहरा गंभीर ठेवावा. वाहण्याचं गणित दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1856 मध्येच मांडून ठेवलंय, त्याची काळजी नको. उत्सिराच्या खोलीवर, 31 अंश आणि 74 बारच्या वर, हा वायू द्रवासारखा दाट होतो, तरी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकाच राहतो. म्हणून तो वर चढतो आणि छताच्या दगडाखाली पसरतो.

कळ दाबा. पडद्यावर देखणा फुगा वर सरकेल. घरच्यांना दाखवायचा तो याच क्षणी, कारण पुढे वास्तव येतं. 1999 च्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात स्लाइप्नरचा वायू एका फुग्यात नव्हे, तर एकावर एक नऊ थरांत दिसला. जेमतेम मीटरभर जाडीचे शेल दगडाचे पापुद्रे त्याला अडवत होते, आणि तरीही तीन वर्षांत तो छतापर्यंत पोचला होता. पुढे सगळ्यात वरचा थर एका उंचवट्याच्या आधाराने उत्तरेकडे असा धावला की नेहमीची प्रारूपं मागेच पडली.

इथून खरी विद्या सुरू होते. घडून गेलेलं प्रारूपाकडून अचूक वदवून घ्यायचं. पार्यता वाढवून बघा. वायू थोडा गरम धरा, म्हणजे हलका होईल. त्यात चिमूटभर मिथेन आहे असं म्हणा. तो खरोखर असतोही, त्यामुळे कुणी हटकणार नाही. छताचा उतार किंचित बदला: थर जवळपास सपाट असल्यामुळे काही मीटरांच्या फरकाने प्रवाहाची दिशा फिरते. चार वेगवेगळ्या युक्त्यांनी तेच चित्र जुळलं तर खूश होऊ नका, घाबरा. चौघींपैकी खरी कोणती हे त्या चित्रावरून ठरत नाही, आणि उद्याचं उत्तर चौघी चार देतील.

दाबाकडेही लक्ष असू द्या. नॉर्वेच्याच स्नोव्हित वायुक्षेत्रात 2008 साली वायू भरायला घेतला, पण थर वाटला होता तितका मोकळा निघाला नाही. दाब भराभर चढला आणि 2011 मध्ये दुसऱ्या थराकडे वळावं लागलं.

अहवालात 1000 वर्षांनंतरचं चित्र बेधडक छापा: वायू पाण्यात विरघळलाय, ते जड पाणी खाली बसतंय, सगळं शांत. पाच वर्षांनंतरचं मात्र कुणी मागितल्याशिवाय देऊ नका. तोवर पुढचं सर्वेक्षण झालेलं असतं.