पुणं बघून आलो बाई!

अहो वहिनी, जरा इकडं या की भिंतीपाशी. कढीपत्ता नंतर तोडा, तो काय पळून जात नाही. परवा रात्रीच आलो, पण काल दिवसभर धुणंच निघालं. होय हो, पुण्यालाच गेलो होतो. लग्नबिग्न काही नाही. तुम्हाला म्हणून सांगते, राहायला कुठं जायचं ते बघायला. इथं आम्ही दोघंच, ह्यांचे गुडघे, माझी शुगर. पोरगा म्हणतोय, या इकडंच, आमच्या जवळपास वेगळं घर बघू. आता जवळपास म्हणजे कुठं, यावर चौघांची चार तोंडं.

सुनेला बालेवाडी पाहिजे. पोराला ऑफिसजवळ, म्हणजे वाकड नाहीतर थेट हिंजवडीच. आमच्या ह्यांना कोथरूड, कारण यशवंतराव चव्हाण नाट्यगृह चालत गाठता आलं पाहिजे. विष्णुदास भाव्यांच्या गावचे ना! 1843 चं 'सीतास्वयंवर' जणू ह्यांनीच बसवलं होतं. मला काय पाहिजे ते कुणी विचारलंच नाही, म्हणून माझं मीच बघत सुटले.

माझी चौकशी एकच. पाण्याची. हसू नका. 2019 ला आपल्या सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर चढलं होतं, 45 ला धोक्याची पातळी म्हणतात तिथं. ह्या आपल्या भिंतीवरची रेघ अजून गेली नाही. 2021 ला परत तेच. शामरावनगरातल्या बाईनं मॉड्युलर किचन बघायचं होय आधी?

पण तिथं पाण्याचं विचारलं की एजंट लगेच म्हणतो, "काकू, चोवीस तास!" कुठलं ते सांगत नाही. नळाचं का टँकरचं?

हे कळलं मला नणंदेकडं. वाघोलीची हो, धाकटी. वास्तुशांतीचे फोटो पाठवून पाठवून डोकं उठवलं होतं बघा तिनं. पोहायचा तलाव, जिम, क्लबहाऊस. तिच्याकडंच उतरलो होतो. बाथरूममध्ये गेले तर दोन बादल्या आणि एक पिंप भरून झाकून ठेवलेलं. मी काही बोलले नाही, तरी तीच म्हणाली, "नेहमीचं नाही हो, आजच जरा." बरं म्हटलं. पहाटे खालून घरघर ऐकू आली म्हणून गॅलरीत गेले तर टँकर उलटा घेत होते, एक पोरगा शिट्टी मारत मागं मागं पळतोय. फिरायला म्हणून खाली उतरले आणि वॉचमनशी बोलत बसले. परभणीकडचा पोरगा, गरीब स्वभावाचा. त्याच्यापुढं एक वही, तारीख, टँकरचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. मी आपली सहज पानं चाळल्यासारखं केलं. मार्चपासून एक दिवस कोरा नाही वहिनी! एकेका तारखेला तीन-तीन, चार-चार सह्या. ते पैसे मेंटेनन्समधनं. 2017 ला अकरा गावं महापालिकेत घेतली, 2021 ला आणखी तेवीस, त्यात वाघोली. गावं एका सहीत घेता येतात, पाईपलाईन काय एका सहीत येत्यात होय? नणंदेला काही बोलले नाही मी. तुम्हीपण फोनवर काढू नका हं, आधीच आमचं तोळामासा असतं.

तेव्हापासनं मी कुठंही गेले की फ्लॅट शेवटी. आधी वॉचमनची वही, मग इस्त्रीवाला, मग कोपऱ्यावरचा किराणावाला. सॅम्पल फ्लॅट दाखवणाऱ्या त्या टाय लावलेल्या पोरी गोड बोलतात, पण त्यांना तिथं राहायचं नसतं. इस्त्रीवाल्याला सगळ्या घरांतलं ठाऊक.

सिंहगड रोडची तर मजाच. ह्यांच्या मित्रानं सुचवलं, स्वस्त आहे, स्वारगेटला एसटीतनं उतरलं की रिक्षानं घर. नदीकडच्या बाजूला एक सोसायटी, नाव नको, कुणाचं नुकसान कशाला. तळमजला. ह्यांना लगेच आवडला, जिना नाही म्हणून. मी मात्र पार्किंगमध्येच थांबले. खालच्या चारेक फुटांचा रंग नवा, वरचा जुना. मीटरच्या पेट्या नव्याकोऱ्या आणि हात वर करून पोचतील इतक्या उंचावर. अहो, आपल्याला कळणार नाही होय? एजंटला म्हटलं, पाणी कुठवर आलं होतं? तो म्हणाला, "इथं? छे!" समोरच इस्त्रीवाल्याची टपरी. तो म्हणाला, "मावशी, 2024 च्या जुलैत गाड्या तरंगत होत्या की." त्या 25 तारखेला खडकवासल्यातनं 35 हजार क्युसेकवर सोडलं होतं, एकतानगरीत माणसं काढायला लष्कर आणलं होतं, टीव्हीवर आपण बघितलंच की. आपण कोयनेचा विसर्ग पाठ करतो, तसा त्यांनी खडकवासल्याचा करायला पाहिजे. ते आपले भिडे पूल बुडाला का, एवढंच विचारतात आणि फोटो काढायला जातात!

आणखी एक बघितलं. जुन्या पुणेकराला पुराचं विचारा, पानशेत सांगतो. 12 जुलै 1961, धरण कसं फुटलं, वाड्यात कुठल्या पायरीपर्यंत आलं, सगळं घड्याळ लावून. त्याच्या अलीकडचं विचारलं की गप्प. आणि नदीच कशाला, ओढे काय कमी आहेत? 2019 ला आपण ऑगस्टभर चिखल उपसला, बरोबर? तिथं सप्टेंबरच्या 25 ला रात्री आंबील ओढा आला. सहकारनगर, अरण्येश्वर, माणसं गेली हो. दिवसा बघितलं तर एवढासा नाला, नाक धरून ओलांडावा असा. म्हणून मी पोराला सांगितलं, नदी लांब आहे म्हणून खूश होऊ नकोस, ओढा कुठनं जातो ते बघ. मग त्यानं कॉम्प्युटरवर ते नकाशे काढले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं. मी म्हटलं, आम्हाला शंभर वर्षांतला दोन वर्षांत दोनदा बघायला मिळालाय.

बालेवाडी? छान आहे हो. रस्ते रुंद, मॉल, सगळं चकचकीत. पण भाजीवाली दिसली नाही. कोथिंबिरीची जुडी मोबाईलवरनं येते म्हणे दहा मिनिटांत. सुनेला त्याचंच कौतुक. मी काही म्हटलं नाही, उगाच कशाला.

हिंजवडीला मात्र मुद्दाम संध्याकाळी गेलो. पोरगा म्हणत होता रविवारी जाऊ, गर्दी नसते. म्हटलं, नोकरी रविवारी करतोस होय? गेलो मग बुधवारी, त्याच्या सुटायच्या वेळेला. शिवाजी चौकात गाडी थांबली ती थांबलीच. ह्यांचा पेपर वाचून झाला, कोडं सोडवून झालं, शेवटी छोट्या जाहिराती वाचायला लागले. एवढ्या मोठ्या कंपन्या, काचेच्या इमारती, आणि ते गाव ना पुण्यात ना पिंपरी-चिंचवडात, कारभार ग्रामपंचायतीचा. खड्ड्यासाठी कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही म्हणे लोकांना.

शेवटी काय, ह्यांचं कोथरूडच पुढं आलं. मला वाटलं होतं हे हट्टानं म्हणतायत. पण तिथं नळाला कॉर्पोरेशनचं पाणी, वेळेवर. दारात भाजीची गाडी. वनाजपासनं मेट्रो. आम्ही बसून आलो की, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. शंभर फुटांहून खोल आहे ते स्टेशन, सरकते जिने संपता संपत नाहीत. ह्यांनी माझा हात असा धरला होता, लग्नात धरला नव्हता! वर आल्यावर म्हणतात, तुला भीती वाटत होती म्हणून धरला.

भानगड एकच, जुन्या इमारती. बघावं ती रिडेव्हलपमेंटला निघालेली. एक घर पसंत पडलं, दुसरा मजला, हवेशीर, मालकीणबाईपण बऱ्या. पण पायऱ्या उतरताना शेजारणीला हळूच विचारलं तर म्हणाली, बिल्डरबरोबर सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्यात. म्हणजे आम्ही सामान लावायचं आणि त्यांनी नोटीस द्यायची! ते सोडलं. त्याच्या पुढच्या गल्लीत मिळालं एक, लिफ्टचं. अकरा महिन्यांचा करार करायचं ठरतंय. विकत आत्ता अजिबात नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढू तिथं, मग बघू.

सून? ती बालेवाडीत भाड्यानं राहणार. नाही, नाराज नाही, उलट चेहरा खुलला तिचा! मधे चांदणी चौक आहे. जुना पूल 2022 ला सुरुंग लावून पाडला, आता रस्ते मोकळे झालेत. गाडीनं यायचं म्हटलं तर येता येतं, नाही यायचं म्हटलं तर ट्रॅफिक आहेच सांगायला. सासू-सुनेच्या मधे एक चांदणी चौक असावा बघा.

पण वहिनी, हे गल्लीत कुठं बोलू नका. घर विकतायत म्हणून उठवतील आणि एजंट दारात रांग लावतील. विकायचं नाही, भाड्यानं द्यायचंय. तुमच्या भाच्याची बदली सांगलीला झालीय म्हणत होता ना परवा? बँकेतला तोच ना? लहान कुटुंब आहे, बरं पडेल. पाठवून द्या की रविवारी बघायला. काय म्हणता, तो चौकस आहे? मग तर भिंत रंगवून घ्यायला पाहिजे आधी... अहो हसताय काय! ऐका. त्यानं पाणी कुठवर आलं होतं विचारलं तर काय सांगायचं ते आधीच ठरवू या. नाहीतर मी पायरी सांगायची आणि तुम्ही खिडकी.