एरंगेलचे जयगडकर

जयगडला बुरूज आहेत, खंदक आहे, खाली शास्त्री नदीची खाडी आहे. आमची पोरं मात्र लढतात पब्जी या मोबाइल गेममधल्या एरंगेल नावाच्या बेटावर, आणि तेही तटावर बसून. रेंज तिथेच बरी मिळते ना!

सप्टेंबर २०२०मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली, तेव्हा वाडीत सुतक पडलं. जुलै २०२१मध्ये तोच गडी नावात 'इंडिया' लावून परतला. रक्त तेवढं लालचं हिरवं झालं होतं, बाकी संस्कार तेच. जुलै २०२२मध्ये पुन्हा गायब, मे २०२३मध्ये पुन्हा हजर. आमच्याकडची वीज याच्याकडूनच शिकली असावी.

शंभरातले शेवटचे तिघे उरलेत, वर्तुळ आवळत आलंय, झुडपातल्या गड्यावर नेम धरलाय आणि स्क्रीनभर 'आई' झळकते. "तवसाळची फेरीबोट सुटेल रे, मामाला आणायला जातोस ना?" मामा सुखरूप उतरतो, भाचा शहीद होतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम-स्टुडिओचा 'राजी' हा गेमही २०२० सालचाच. भावाला शोधत निघालेली मुलगी, देखणे महाल, मध्येच आईचा फोन आला तर खुशाल थांबवा. खेळून छाती फुगली. पण महाल सगळे राजस्थानी वळणाचे! आंग्र्यांच्या आरमारावरही कुणीतरी गेम काढावा, असं पोरांना म्हटलं. एकाने मान वर न करता विचारलं, "फुकट असेल ना, काका?"