शेवटचं किती, डॉक्टरसाहेब?

दंडाला बीपीचा पट्टा बांधला की घाम फुटणारा माणूस तुमच्याही घरात असेलच. आमच्याकडे भाऊजी आहेत. चिमूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गल्ल्यामागे पाटी, ‘एकच भाव. घासाघीस करू नये.’ बालाजीच्या घोडायात्रेत ऐन गर्दीतही लुगड्यामागे दहा रुपये सोडत नाहीत. पण डॉक्टरांनी १६०/१०० म्हटलं, की हेच भाऊजी म्हणतात, "काही कमी करा ना जी!"

डॉक्टर पुन्हा मोजतात. १५४. भाऊजी खुलतात. सहा सुटले! "आता शेवटचं सांगा."

डॉक्टर भला माणूस. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, खर्रा नको, लघवीला जाऊन या, शर्टाची बाही वर करा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हे सगळं न चिडता सांगतो. पण नंबर पुकारेपर्यंत खर्रा भाऊजींच्या गालात असतो आणि ‘गप्प’ हा प्रकार त्यांना झेपत नाही. पट्टा फुगत असतानाच सौदा सुरू. "काल रात्री झोप नाही झाली, त्याचे दहा कापा."

म्हणून एकदा मी त्यांना इटलीतल्या मिलानची हकीकत सांगितली. १९८३ साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की डॉक्टर नुसता पट्टा घेऊन खाटेजवळ आला तरी पेशंटचा वरचा आकडा सरासरी २७च्या आसपास चढतो आणि थोड्या वेळाने उतरतो. पुढे नर्सला पाठवलं, तर वाढ निम्मीच. मला वाटलं, धीर येईल. भाऊजींनी त्याचं रेटकार्ड केलं. "१६० मधून २७ गेले, राहिले १३३. आन् सिस्टरबाईनं मोजलं तं अजून स्वस्त!"

शेवटी डॉक्टरांनी डिजिटल मशीन घ्यायला लावलं. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, लिहून आणा. दवाखान्यात १४०/९० ची रेघ, घरी १३५/८५ ची. भाऊजी उखडले, "घरच्या माणसाले पाच कमी काहून?" वही आणली तेव्हा सरासरी निघाली १२८/८२. गोळी टळली, खर्रा सोडा आणि अधूनमधून मोजत राहा, एवढ्यावर सुटका झाली.

ही घासाघीस मला फार दिवस चीड आणायची. मग ताईने सांगितलं. भाऊजींच्या थोरल्या भावाचं बीपी असंच एका दवाखान्यात मोजलं होतं. आकडा पाहून डॉक्टर एवढंच बोलला, "नागपूरला न्या." जीप भिसीवरून निघाली ती उमरेडहूनच परतली. त्या दिवशी भाव करायला कोणी सवडच दिली नाही.

आता मशीन दुकानात असतं. परवा शेजारचे पानठेलेवाले बसले. १७८. दोनदा मोजलं, तेच. ते म्हणाले, "काही कमी नाही का होत, भाऊ?"

"मशीनसंग भाव नसते करत," भाऊजी म्हणाले आणि भर बाजाराच्या दिवशी शटर ओढून त्यांना स्कूटरवर दवाखान्यात घेऊन गेले. पेशंट तपासून झाल्यावर डॉक्टर वळले, "या, आता तुमचंही बघू."

भाऊजी दारात पोचले होते. "आज नाही जी. आज मी गिऱ्हाईक आणून देल्लं, तेवढं कमिशन सोडा."